इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब बघायला गेल्यावर नक्की काय बघायचं?

ऋजुता_नौपाडा
९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेकीची सीईटी झाली, मार्क बरे आहेत, आता कॅप राउंडचा (प्रवेशाच्या फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म भरायचाय. तिला इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स हवंय. घरी सासूबाईंचं आजारपण आहे, त्यामुळे नौपाड्यातून रोज जाऊन-येऊन जमेल अशीच ठाणे-नवी मुंबईतली कॉलेजं यादीत घेतली आहेत. फी, कटऑफ, प्लेसमेंट यांवरचे इथले जुने धागे वाचले. माझा प्रश्न फक्त लॅबचा आहे.

मी १९ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे प्रत्येक उपकरणाला लॉगबुक असतं. कोणी वापरलं, किती वाजता, कशासाठी आणि खाली सही. वजनकाटासुद्धा रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून तपासायचा आणि मगच वापरायचा. कॅलिब्रेशनच्या (अचूकतेच्या तपासणीच्या) स्टिकरवरची तारीख उलटली की त्या उपकरणाला हात लावायचा नाही. इतक्या वर्षांत ही सवय अंगात भिनली आहे, त्यामुळे कुठल्याही लॅबमध्ये गेले की डोळे आपोआप स्टिकरकडे जातात.

गेल्या शनिवारी नवी मुंबईतलं एक कॉलेज बघून आलो. फरशी चकाचक, भिंतीवर तक्ते, ओळीने मांडलेली मशीन. पण जवळजवळ प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. एका ऑसिलोस्कोपचं (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं उपकरण) स्टिकर वाचलं, चार वर्षांपूर्वीचं. लॉगबुक मागितलं तर एक रजिस्टर समोर आलं. त्यातल्या वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात. लेकीने विचारलं, "सर, हे लेथ चालू करून दाखवाल का?" उत्तर मिळालं, "आत्ता ऑपरेटर नाहीत."

आठवीत असताना हिने घरचा मिक्सर उघडून कार्बन ब्रश बदलले होते. परत येताना गाडीत गप्प बसली होती. ऐरोली गेल्यावर म्हणाली, "आई, चार वर्षं मला हे असं लांबूनच बघायचं असेल का गं?"

मला औषधांची लॅब कळते, इंजिनिअरिंगची कळत नाही. अजून तीन कॉलेजं बघायची आहेत. तिथे काय बघू, कोणाला काय विचारू, ते कृपया सांगा.

---

सहावं_सेम
९ जुलै, रात्री ११:२५

काकू, मी टीईला (तिसऱ्या वर्षाला) आहे, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. डोंबिवलीहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने कॉलेज. तुमच्या लेकीने विचारलं तेच मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, म्हणून लिहितोय.

आमचा वर्ग ६० जणांचा, प्रॅक्टिकलला २०-२० च्या तीन बॅच. कागदावर बॅचला १० डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) आहेत. चालतात सहा, आणि प्रोब (सर्किटला लावायची वायर) धड असलेले चार. म्हणजे एका टेबलाभोवती पाच जण. त्यातला एक कनेक्शन करतो, एक रीडिंग लिहितो, बाकीचे तिघं मागे उभे. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे त्या एकाच वहीवरून उतरवतात. मागे उभे राहणारे तीनही वर्षं तेच असतात, हे सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट ट्रेनर किटची. बघताना फार छान दिसतं. सर्किट आधीच छापलेलं असतं, आपण फक्त बनाना पिनच्या वायरी या भोकातून त्या भोकात घालायच्या. प्रयोग २० मिनिटांत होतो. पण सेम पाचला मिनी प्रोजेक्टसाठी पहिल्यांदा ब्रेडबोर्ड (सुटे पार्ट खोचून सर्किट बांधायची पट्टी) हातात घेतला तेव्हा मला ट्रान्झिस्टरचा एमिटर कुठला आणि कलेक्टर कुठला हेही डेटाशीट बघून शोधावं लागलं. अँप्लिफायरचा प्रयोग मी किटवर तीन वेळा केला होता आणि त्यात पूर्ण मार्क होते.

म्हणून कॉलेज बघाल तेव्हा किटच्या कपाटापेक्षा सुट्या पार्टचा ड्रॉवर उघडायला सांगा. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी खणाखणात नीट लावलेले असतील आणि काही खण अर्धे रिकामे असतील, तर तिथे मुलं खरंच सर्किट बांधतात.

---

पॅनेलवाला_रबाळे
१० जुलै, सकाळी ७:१०

ताई, एकच प्रश्न विचारा. "मागच्या वर्षी मुलांच्या हातून काय काय मोडलं?"

"काहीच नाही" असं उत्तर आलं तर पुढच्या कॉलेजला जा.

---

अनघा_कुलकर्णी१२
१० जुलै, सकाळी ९:०२

पॅनेलवाला, +१. आमच्या वेळी वर्कशॉपमध्ये मोडक्या हॅकसॉ ब्लेडचा डबा होता, काठोकाठ भरलेला. आज कळतंय की तो डबा म्हणजे त्या वर्कशॉपचं प्रगतिपुस्तक होतं.

---

मशीनलॅब_मामा
१० जुलै, रात्री ९:५०

मी २७ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो, इलेक्ट्रिकल मशीन्सची लॅब. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मुलं मला मामा म्हणायची, म्हणून तेच नाव इथे घेतलं आहे. वरचं सगळं वाचलं आणि कपाटाला कुलूप का असतं हे कोणीतरी सांगायला हवं असं वाटलं. ते कुलूप मीही लावलेलं आहे.

लॅबमधली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. नंबर, तारीख, किंमत. ते रजिस्टर सहाय्यकाच्या नावावर असतं. वर्षाअखेरीला पडताळणी होते आणि एखादा मीटर कमी भरला किंवा जळालेला निघाला तर पहिली विचारणा मला. निर्लेखन करायचं (वस्तू रजिस्टरमधून कमी करायची) म्हणजे अर्ज, समिती, सह्या. एका ॲमीटरसाठी मी १४ महिने कागद फिरवला आहे. पहिल्या खेपेला असं झालं की माणूस शिकतो. पुढच्या वेळी नवा मीटर आला की तो कपाटात जातो आणि मुलांच्या हातात जुना पडतो. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केलं असतं. माणूस वाईट नसतो, ज्याच्या नावावर वस्तू आहे त्याला ती मोडायची परवानगी नसते, एवढंच.

खरेदीचंही सांगतो. तपासणीची समिती येणार असली की लाखांच्या मशीनला मंजुरी मिळते, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण फ्यूज, प्रोब, वायर, क्रोकोडाइल क्लिप यांच्यासाठी पैसे मागितले की "बघू पुढच्या तिमाहीत". मल्टिमीटरचं उदाहरण घ्या. मुलगा करंट मोजतो आणि लीड मिलिअँपिअरच्या जॅकमध्येच ठेवून पुढे सप्लायचं व्होल्टेज मोजायला जातो. करंटच्या जोडणीत मीटरचा आतला रोध अगदी कमी असतो, म्हणून फ्यूज जातो. फ्यूज त्यासाठीच असतो. शिकताना ही चूक प्रत्येकाकडून एकदा व्हायलाच हवी. पण बदलायला फ्यूज नसला की तो मीटर "बंद" म्हणून बाजूला पडतो. माझ्या लॅबमध्ये असे २२ मीटर होते. शेवटी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून माझ्या पैशाने फ्यूजची पाकिटं आणली आणि एका दुपारी सगळे चालू केले.

आता भीतीचं. आमच्या लॅबमध्ये भीती खरी असते. डीसी शंट मोटरचं फील्ड (चुंबकत्व तयार करणारी गुंडाळी) चालू असताना सुटलं तर फ्लक्स, म्हणजे ते चुंबकत्व, जवळजवळ नाहीसा होतो आणि मोटर बेफाम पळते. सीरीज मोटर लोडशिवाय सुरू केली तरी तेच. थ्री-पॉइंट स्टार्टर म्हणजे मोटर टप्प्याटप्प्याने सुरू करायचं हँडल. त्यातली नो-व्होल्ट कॉइल फील्डच्याच वाटेत जोडलेली असते. फील्ड तुटलं की ती कॉइल हँडल सोडते आणि स्प्रिंग हँडल मागे ओढते, मोटर बंद. हे सगळं त्या स्प्रिंगवर अवलंबून. खाडीच्या हवेत स्प्रिंग गंजते. मी रोज सकाळी मुलं यायच्या आधी प्रत्येक स्टार्टरचं हँडल हाताने नेऊन सोडून बघायचो. खट्ट आवाज आला की पुढचा.

एकदा एका मुलीने फील्डच्या ऱ्होस्टॅटचं (कमी-जास्त करता येणाऱ्या रोधाचं) टर्मिनल नीट आवळलं नव्हतं. मोटर वेगात असताना वायर निघाली आणि खट्ट करून हँडल मागे आलं. सगळे घाबरून मागे सरकले. मी तिला म्हटलं, आता सांग, हे कसं झालं? तिने फळ्यावर आकृती काढून सगळ्या बॅचला समजावलं. तिला आणि त्या बॅचला थ्री-पॉइंट स्टार्टर आयुष्यात विसरायला होणार नाही.

ताई, कॉलेजला गेलात की सरांच्या आधी लॅबच्या सहाय्यकाशी बोला. तो मशीनबद्दल बोलताना मशीनवर हात ठेवून बोलतो का, एवढं बघा.

---

ऋजुता_नौपाडा
१० जुलै, रात्री ११:१५

मामा, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. खूप आभार.

त्यातला "एका मुलीने" हा शब्द तिने पकडला. तिची एक शंका आहे, तीही विचारते. पाच जणांच्या गटात मुलींच्या वाट्याला वहीच येते का?

---

साईटवरची_स्नेहल
११ जुलै, सकाळी ८:३०

येते. मी सिव्हिलची, सध्या घोडबंदर रोडला एका साईटवर क्वालिटी बघते. कॉलेजची चार वर्षं मी रीडिंग लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. कोणी जबरदस्ती केली नव्हती, पहिल्या प्रॅक्टिकलला वही माझ्या हातात आली आणि ती नंतर सुटलीच नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेब म्हणाले, स्लम्प कोन (ओलं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायचा शंकू) भर. मला प्रत्येक थराला २५ टोचे हे पाठ होतं, पण सळई हातात धरून कधी एकही मारला नव्हता. त्या दिवशी जे वाटलं ते लेकीच्या वाट्याला येऊ नये. तिला सांग, पहिल्या दिवशी वही दुसऱ्याला दे आणि स्क्रू ड्रायव्हर उचल. एकदा जागा ठरली की ती बदलायला फार जड जातं.

आणि सिव्हिलच्या लॅबबद्दल, कोणाला उपयोग होईल म्हणून. काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्यूब भरला की त्याची ताकद २८ दिवसांनी बघायची. तोवर तो पाण्याच्या टाकीत, २७ अंशांच्या आसपास. आमच्या टाइमटेबलमध्ये ते कधीच बसायचं नाही. आम्ही भरलेले क्यूब पुढच्या बॅचने फोडले आणि आम्ही कोणाचे तरी जुने फोडले. म्हणजे आपण पाणी जास्त घातलं होतं, ठोकणी कमी पडली होती, याचा निकाल आपल्याला कधी कळलाच नाही. एम-२० (चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीचं काँक्रीट) चा क्यूब म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटरवर किमान ४५० किलोन्यूटन. स्वतः भरलेला क्यूब ३८० ला फुटताना बघितला की माणूस साईटवर पाण्याच्या बादलीकडे वेगळ्या नजरेने बघतो. यासाठी नवीन मशीन लागत नाही. क्यूबवर रंगाने नाव लिहायचं आणि २८ दिवसांनी त्याच मुलांना बोलवायचं, बस.

---

विभाग_प्रमुख_नाही
११ जुलै, दुपारी ३:४५

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजमध्ये मेकॅनिकलची प्राध्यापिका आहे. धागा वाचून वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. थोडी आमची बाजू मांडते.

उपकरणं कमी आहेत हे दर वेळी खरं नसतं. बऱ्याच कॉलेजांत अभ्यासक्रमाला लागतं ते आहे. ऋजुताताई, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलेजला "मँडेटरी डिस्क्लोजर" संकेतस्थळावर ठेवावं लागतं आणि त्यात लॅबची, मुख्य उपकरणांची यादी असते. ती छापून सोबत न्या. यादीतलं एखादं उपकरण निवडून "हे बघू शकते का?" असं विचारा. त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही.

खरी अडचण माणसांची आणि वेळेची आहे. एका बॅचला दोन तास. त्यात हजेरी, मागच्या जर्नलची तपासणी, सह्या यात ४० मिनिटं जातात. सहाय्यक निवृत्त झाले की ती जागा भरली जात नाही, मग एकच माणूस तीन लॅब सांभाळतो. मामांसारखी रोज सकाळी स्प्रिंग तपासणारी माणसं पुढे कुठून येणार, ही काळजी मला मशीनपेक्षा जास्त आहे.

आणि एक बदल पालकांनी ध्यानात घ्यावा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या चालणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. मागणी कॉम्प्युटरला, म्हणून जागा तिकडे वाढतात. वाढलेल्या मुलांना बसायला खोली लागते आणि मग नजर जाते ती आमच्या मशीन हॉलकडे, कारण तो सगळ्यात मोठा. आमच्याकडे अजून तसं झालेलं नाही. पण लेथ एकदा हलवला की परत पायावर बसवून लेव्हल करायला कोणी उभं राहत नाही हे मी जाणते. जी मुलं आज इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल मागतात त्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा: "गेल्या तीन वर्षांत कुठली लॅब बंद झाली किंवा दुसऱ्या खोलीत हलवली?"

व्हर्च्युअल लॅबबद्दल कोणी विचारलं नाही, तरी लिहिते. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्पातून आयआयटी आणि इतर काही संस्थांनी मिळून बनवलेल्या या लॅब मोफत आहेत आणि चांगल्या आहेत. मी मुलांना प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी त्यात प्रयोग करून यायला सांगते. मग माझे दोन तास खऱ्या मशीनला मिळतात. पण पडद्यावरच्या प्रयोगात व्हॉल्व्ह गळत नाही, सुई अडकत नाही. खऱ्या प्रयोगाच्या जागी तोच दाखवून जर्नल भरून घेत असतील तर तिथे सावध व्हा.

---

कोपरखैरणेकर
११ जुलै, संध्याकाळी ६:२०

व्हॉल्व्ह गळत नाही या वाक्यावर थांबलो. मॅडम, माझी गोष्ट त्याचीच आहे.

फ्लुइड मेकॅनिक्सचा ऑरिफिसचा प्रयोग. टाकीत पाणी एका उंचीला स्थिर ठेवायचं, बारीक भोकातून ते खालच्या मोजटाकीत पडतं, स्टॉपवॉच लावून पातळी किती चढली ते घ्यायचं. प्रत्यक्ष आलेला प्रवाह भागिले गणिताने येणारा प्रवाह म्हणजे सीडी. धारदार कडेच्या ऑरिफिसला तो साधारण ०.६२ च्या जवळ यायला हवा. आमचा आला ०.४८. परत केला, ०.४७.

सर घाईत होते. म्हणाले, ०.६२ लिहा आणि सही घ्या. आम्ही तसंच केलं. वर्गातल्या साठही जर्नलमध्ये ०.६१ ते ०.६३.

मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या काकांना विनवणी करून परत गेलो. पंप न लावता मोजटाकीत अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि नुसतं बघत बसलो. दहा मिनिटांत पातळी चांगली दोन बोटं उतरली. खालचा ड्रेन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. काकांनी वॉशर बदललं, आम्ही प्रयोग केला, ०.६१ आला. त्या आकड्याकडे बघताना काय वाटलं ते आज वीस वर्षांनीही सांगता येत नाही.

किती वर्षं तो व्हॉल्व्ह गळत होता? किती बॅचनी ०.६२ लिहून सह्या घेतल्या? आज मी महापेला एका पंप कंपनीत टेस्टिंगला आहे. नव्या मुलाच्या मुलाखतीत मी एवढंच विचारतो की तुझं कुठलं रीडिंग चुकलं होतं आणि ते का चुकलं होतं. बहुतेकांना "चुकलं होतं" हे बोलायचीच भीती वाटते. ही भीती आपण त्यांना जर्नलमधून शिकवली आहे.

ऋजुताताई, शक्य झालं तर मुलांची दोन-तीन जर्नल मागून बघा. सगळ्यांची रीडिंग सारखी असतील तर काय समजायचं ते तुम्हाला क्यूसीवाल्यांना मी काय सांगणार.

---

ऋजुता_नौपाडा
११ जुलै, संध्याकाळी ७:००

आमच्याकडे अशा आकड्यांवरून नोकऱ्या जातात. जर्नल नक्की बघते.

---

सहावं_सेम
११ जुलै, रात्री १०:१०

कोपरखैरणेकर सर, आमच्याकडे असाच प्रकार डीएसओच्या प्रोबचा. काकू, ही तपासणी तुम्हीही एका मिनिटात करू शकता. डीएसओच्या पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी बाहेर आलेली असते, तिच्यावर साधारण १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल कायम मिळतो. प्रोब १०-एक्सवर ठेवून तिथे लावायला सांगा. पडद्यावर कडा काटकोनात दिसल्या पाहिजेत. कोपरे गोल झालेले किंवा वर टोक आलेलं दिसलं तर प्रोबच्या मुठीत किंवा कनेक्टरपाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून जुळवायचा. लॅबमधल्या मुलाला हे माहीत असेल, तर त्याला कोणीतरी नीट शिकवलं आहे. मी हे यूट्यूबवरून शिकलो, तोपर्यंत दोन सेमिस्टर चुकीच्या कडा वहीत काढत होतो.

---

पाबळची_वाट
१२ जुलै, सकाळी १०:३०

चर्चा नेहमीच्या लॅबभोवती फिरतेय म्हणून एक वेगळं टोक जोडतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. अमेरिकेतल्या एमआयटीत "फॅब लॅब" (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची, सगळ्यांना खुली कार्यशाळा) ही कल्पना निघाली, तेव्हा अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. मोठ्या शहरात नाही, पाबळसारख्या गावात. कारण तिथे शाळा सोडलेली मुलं आधीपासून वेल्डिंग, सुतारकाम, शेतीची अवजारं हाताने करत होती. यंत्र आलं तेव्हा ते वापरायला हात तयार होते.

हल्ली कॉलेजांमध्येही असं काही दिसतं. एआयसीटीईने २०२१ मध्ये आयडिया लॅबची योजना आणली. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, पीसीबी बनवायचं यंत्र, सगळं एका छताखाली आणि कुठल्याही शाखेच्या मुलाला खुलं. पवईच्या आयआयटीची ई-यंत्र ही योजना कॉलेजांना रोबोटिक्सची लॅब उभी करायला मदत करते. कॉलेज निवडताना यांपैकी काही आहे का हे विचाराच, पण त्यासोबत संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं तेही विचारा. साडेचारला कुलूप लागत असेल तर लेक्चर संपल्यावर मुलाला तिथे जायला वेळच नाही. प्रिंटरला एक बऱ्यापैकी भाग छापायला सहज चार-पाच तास लागतात.

---

अनघा_कुलकर्णी१२
१२ जुलै, सकाळी ११:०५

पावसाळ्यात बघायला जाताय ते उत्तम. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी, लेथच्या बेडवर तांबूस गंज हे आत्ताच दिसेल. नेरूळ-बेलापूरच्या खाडीकाठच्या हवेत दोन आठवडे तेलाचा हात फिरला नाही तरी गंज धरतो.

---

मशीनलॅब_मामा
१२ जुलै, रात्री ८:३०

अनघाताई, अगदी बरोबर. शनिवारी शेवटची बॅच गेली की बेडवर तेलाचं फडकं फिरवायचं, हा आमच्या वर्कशॉपच्या गुरुजींचा नियम होता.

सुरक्षेचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. इलेक्ट्रिकल लॅबमध्ये पॅनेलपुढे रबरी मॅट हवी आणि ती फाटलेली नको. वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) हवा. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, "शेवटचं कधी दाबलं?" विचारा. वर्कशॉपमध्ये एकच गोष्ट बघा: लेथच्या चकमध्ये किल्ली अडकवून ठेवलेली दिसली तर तिथे शिस्त नाही. मशीन चालू झालं की ती किल्ली गोळीसारखी उडते. मुलीला सांगा, केस बांधून, ओढणीशिवाय, बंद बूट घालून जायचं. हे मुलग्यांनाही तितकंच लागू. सैल बाही आणि हातातलं कडं घेऊन येणारे मी कित्येक परत पाठवले.

---

ऋजुता_नौपाडा
१९ जुलै, रात्री १०:५५

तीनही कॉलेजं बघून झाली. सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी हा धागा शोधत येईल.

पहिल्या ठिकाणी छापलेली यादी बघूनच स्वागतकक्षातला सूर बदलला. "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणून तासभर बसवलं, मग लॅब बंद झाली. ते नाव यादीतून गेलं.

दुसरीकडे सगळं नवं होतं. आयडिया लॅबसारखी एक मोठी काचेची खोली, दोन थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर. प्रिंटरशेजारी छापलेल्या वस्तूंचं कपाट. नीट बघितलं तर सगळ्या वस्तू प्रिंटरसोबत आलेल्या नमुन्याच्या. मुलांनी केलेलं काही आहे का विचारलं, तर एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, आम्हाला अजून पासवर्ड दिलेला नाही." त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

तिसरं कॉलेज जुनं. इमारतीला रंग हवा आहे, जिन्यात ओल आहे. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये शिरलो तर टेबलांवर डाग, भाजल्याच्या खुणा. सहाय्यक काका पन्नाशीचे. मी पॅनेलवाल्यांचा प्रश्न विचारला. त्यांनी हसून खणातून एक वही काढली. वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शाईंत: अमुक तारीख, मीटरचा फ्यूज, मुलाचं नाव नाही, फक्त "कसं गेलं" याची एक ओळ. "लीड चुकीच्या जॅकमध्ये." "सप्लाय चालू असताना वायर काढली." "माहीत नाही, शोधतोय," आणि खाली तीन दिवसांनी दुसऱ्या अक्षरात, "सापडलं, ऱ्होस्टॅटचं टर्मिनल ढिलं." मी ती वही वाचतच राहिले. माझ्या कंपनीत यालाच डेव्हिएशन रिपोर्ट म्हणतात आणि तो लिहायला मोठमोठी माणसं घाबरतात.

कमीही पुष्कळ आहे, ते लपवत नाही. डीएसओ जुने, दोन टेबलांना एक. एका ट्रान्सफॉर्मरच्या पॅनेलवर कॅलिब्रेशनची तारीख उलटली होती. ते विचारल्यावर काका म्हणाले, "पैसे मंजूर झालेत, मीटर चुनाभट्टीच्या आयडेमीत (मीटर तपासून देणारी सरकारी संस्था) न्यायचेत, गाडी मिळाली की जाईन." जर्नल बघितली. दोन मुलींच्या वहीत ओपन सर्किट टेस्टची रीडिंग वेगळी होती आणि एकीच्या खाली लाल पेनाने लिहिलं होतं, "का?"

आणि मग लेकीने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "हे चालू करून दाखवाल का?" काका तिच्या बुटांकडे बघून म्हणाले, "केस बांध." तिने बांधले. त्यांनी फील्डचा ऱ्होस्टॅट कमीत कमीवर आहे का ते तिलाच बघायला लावलं, मग स्टार्टरचं हँडल तिच्या हातात दिलं. "सावकाश. प्रत्येक बटणावर थांब. मोटरचा आवाज ऐक आणि पुढे ने." तिने नेलं. मग काकांनी सप्लाय तोडला आणि खट्ट आवाज झाला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मामांची स्प्रिंग!"

ते कॉलेज ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या नंबरवर टाकलं आहे.

---

मशीनलॅब_मामा
१९ जुलै, रात्री ११:३०

डोळ्यांत पाणी आलं, ताई.

लेकीला माझा निरोप द्या. स्वतःचा एक साधा मल्टिमीटर घे आणि सोबत फ्यूजचं पाकीट. पहिला फ्यूज गेला की त्या काकांच्या वहीत तू स्वतःच्या अक्षरात नोंद कर.

---

पॅनेलवाला_रबाळे
२० जुलै, सकाळी ७:०५

माझं कंट्रोल पॅनेल बनवायचं छोटं युनिट आहे. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, शनिवारी आम्ही चालू असतो. ॲडमिशन झाली की लेकीला आणि त्या सहावं_सेमला एखाद्या शनिवारी पाठवा, व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. पासवर्ड न मिळालेला तो मुलगा कोण ते कळलं तर त्यालाही आणा. कॉन्टॅक्टर, रिले, लग क्रिंपिंग (वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवणं), सगळं हातात देईन. आमच्याकडे मोडक्या लगचा डबा आहे, त्यात भर घालायला हरकत नाही.

---

सहावं_सेम
२० जुलै, सकाळी ७:४०

काका, या शनिवारी आलो तर चालेल का? ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला उतरतो. बंद बूट आहेत माझ्याकडे.

---

पॅनेलवाला_रबाळे
२० जुलै, सकाळी ७:४२

ये. नऊला.